साठ डाव्या बाह्या

२ सप्टेंबर

ती. आत्यास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की तुझी भाची अध्यक्ष झाली आहे. आमच्या शाळेत नववीपासून प्रत्येकाला कुठल्या तरी सेवा मंडळात जावंच लागतं. झाडं लावणारे, लहानांना गणित शिकवणारे, आजीआजोबांना पेपर वाचून दाखवणारे अशी सगळी मंडळं भरली आणि उरलेल्या आम्हा अकरा जणांसाठी शिवण मंडळ निघालं. मशीन कोणालाच चालवता येत नाही. शिवणाचं दुकान असलेल्या आत्याची भाची म्हणजे मला येत असणारच, असा सगळ्यांचा समज झाला आणि मी तो मोडला नाही.

इस्पितळात हातपाय मोडलेल्या मुलांचा वॉर्ड आहे. त्यांना महिनाअखेर तीस झगे शिवून द्यायचे आहेत. जमलं तर तळमजल्यावरची खोली आमची, नाही तर मोठ्या बाई तिथे जुनी बाकं ठेवणार आणि मंडळ बंद. कापड आलंय, पिवळं, एका बाजूला छोट्या होड्या छापलेल्या. बेतायचं कसं ते सविस्तर लिही. तू फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. बाबा विचारतात, आमच्याकडे राहायला कधी येतेस?

तुझा लोभ आहेच, या महिन्यात जरा जास्त लागेल.
तुझी भिंगरी

७ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

थाप मारून अध्यक्ष झालीस, अगदी बापावर गेलीस. आधी कागदाचा नमुना काप. बाहीला पुढचा मुंढा, म्हणजे खांद्याकडचा गोल काप, मागच्यापेक्षा खोल घ्यायचा, विसरू नकोस. कापडाचे थर एकावर एक नीट बसव, टाचण्या लाव, मगच कात्री. दोनदा मोज.

दुकानात गर्दी आहे, जास्त लिहीत नाही. पेन नवं आहे, अक्षराला हसू नये. दादाला सांग, गिऱ्हाइकं सोडून मला येता येणार नाही.

तुझी आत्या

१२ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, माझी पार वाट लागली आहे. तू सांगितलंस तसे थर लावले, मुंढा खोल घेतला, दोनदा नाही, चारदा मोजलं. दोन दिवसांत साठ बाह्या कापून झाल्या. आज पहिला झगा जोडायला घेतला तेव्हा कळलं की साठच्या साठ बाह्या डाव्या आहेत. सगळे थर मी होड्या वर करून ठेवले होते, म्हणून सगळ्या एकाच हाताच्या निघाल्या.

कापड संपलं आहे, चिंध्या तेवढ्या उरल्यात. गणितवाल्या मंडळातल्या एका शहाण्याने विचारलं की इस्पितळात सगळ्यांना दोन डावे हात असतात का. अर्ध्या बाह्या पलटून लावाव्यात असं मला सुचलं होतं, पण मग उजव्या बाहीवर होड्या आत जातात आणि बाहेर फिकट पिवळं दिसतं. आमच्यातली सगळ्यात धाकटी म्हणाली की आधीच दुखतंय त्या मुलांना आपण उलटे कपडे घालायचे का. चूक माझी आणि मंडळ अकरा जणांचं जाणार. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, हे बाबांना सांगू नकोस.

उत्तर लवकर पाठव.
नावापुरती अध्यक्ष,
भिंगरी

१६ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

डोळे पूस. पलटून लाव, पण ती चूक वाटता कामा नये. पलटलेली बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी ठेव, कडा दुमडून घे आणि चार जोड नाड्या लाव. प्लास्टर घातलेला हात बाहीत जात नाही, त्याला आडवं ठेवून वरून बाही बांधावी लागते. फिकट बाही दिसली की सिस्टरला लांबूनच कळेल, उघडायची ती हीच.

नाड्यांत चार बोटांचं अंतर ठेव. पुढची नाडी आखूड, मागची लांब, म्हणजे एक टोक दातात धरून एका हाताने गाठ मारता येते. काजं-बटणं ठेवू नकोस, ती एका हाताने लावता येत नाहीत.

आत्या

२१ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नमुन्याचा झगा घेऊन वॉर्डात गेले. सिस्टरने तो एका मुलाला घातला आणि विचारलं की हे कोणाच्या डोक्यातून निघालं. तिच्या मते पडताना पोरं उजवाच हात पुढे करतात, त्यामुळे हे तीस लगेच खपतील आणि डाव्या हातवाल्यांचे पुढच्या खेपेला द्या. पुढची खेप, आत्या. ऐकून धाकटी नाचलीच.

पण घरी येऊन मी माझा उजवा हात ओढणीने अंगाशी बांधला आणि ती नाडी दातांनी बांधून पाहिली. अगदी तू लिहिलंस तशी बसली. वॉर्डातल्या मुलांच्या नाड्या सिस्टर बांधते. एकट्याने, एका हाताने, दातात धरून नाडी कोण बांधतं? मग तुझी जुनी पत्रं काढली. जुलैपासून तुझं अक्षर डावीकडे कललंय. पेन इतकं वाईट नसतं.

बाबांना मी काही बोललेले नाही. तू सांगतेस की मी सांगू?

रागावलीस तरी चालेल, पण खरं लिही.
तुझी भिंगरी

२५ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

इतकी हुशार कशाला झालीस गं. जुलैमध्ये एका सकाळी उठले तर उजव्या हातातून कपच धरवेना. डॉक्टर म्हणतात मेंदूला रक्त कमी पोचलं, व्यायाम केला तर थोडं परत येईल. दुकान तेव्हापासून बंद आहे. गर्दी खोटी. शेजारीण डबा देते, बाकी माझं मी करते. पोलक्याच्या बाह्या उसवून नाड्या लावल्या, दोन दिवस लागले.

थर तोंडाला तोंड लावून ठेव, ही ओळ मला ठाऊक नव्हती असं नाही. त्या दिवशी डावा हात दुखून आला म्हणून ती सोडली. तेव्हा साठ बाह्या माझ्या खात्यावर लिही.

दादाला सांगितलं तर तो मला नेऊन खुर्चीत बसवेल आणि मशीन कुणाला तरी देऊन टाकेल. मला आजारपणाची भीती नाही, रिकाम्या बसण्याची आहे. तरी त्यालाही आज पत्र टाकलं आहे. तुझ्यावर ओझं नको.

आत्या

१ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

झगे पोचले. खोली आमची झाली. मोठ्या बाईंना मी पहिल्या दिवसाच्या थापेसकट सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, पण मंडळाला शिकवायला कोणीतरी जाणतं लागेल, एवढं म्हणाल्या.

बाबांनी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि बराच वेळ चष्माच पुसत बसले. तुला खुर्चीत रिकामं बसायचं नाही, हे मी त्यांना सांगितलं. आता ठरलं आहे की रविवारी ते टेम्पो घेऊन येतील आणि आधी मशीन चढवतील, मग तुला. मशीन आमच्या पुढच्या खोलीत, आणि शनिवारी तू शाळेत. शिवायचं आमच्या हातांनी, ओरडायचं तू. यायचं की नाही ते मात्र तू ठरव.

सोबतचं पुडकं उघड. चिंध्या जोडून एकतिसावा झगा केला आहे, तुझ्या मापाचा, उजवी बाही उघडी. जोड फार आहेत, मोजू नकोस.

वाट पाहणारी,
भिंगरी

४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

जोड मोजले, सतरा आहेत आणि चार वाकडे. झगा अंगात आहे, नाड्या बांधायला एकदाही दात लागले नाहीत, कारण शेजारीण आली होती आणि आज मी तिला बांधू दिल्या.

दादाला सांग, मशीन पायाकडून उचलायचं, चाकाला धरायचं नाही. कालची सगळी दुपार जुन्या चादरीवर खडूने डाव्या हाताने रेघा मारत होते. तीन वाकड्या आल्या. चौथी सरळ आली आहे, ती पुसलेली नाही, रविवारी आलात की दाखवते.

तुझी आत्या