इझाबायला दाखवायचं लाल लुगडं

५ ऑक्टोबर १९८१

अर्ध्या सांडोर गावाचे डोळे आले! रेडिओ म्हणतो, ही साथ साऱ्या जगात फिरतेय. फिरू दे की. पण आमच्या केळीच्या वाडीची वाट तिला कुणी दाखवली? काल मिस्साला सगळं देऊळ काळे चष्मे लावून बसलं होतं. फादरसुद्धा! वेदीवर उभे राहिले तर सिनेमातला स्मगलर वाटला मला. देवा, क्षमा कर — पण तूही हसला असशील.

मी सांगतेय, सून लिहितेय. मला अक्षर येत नाही आणि रेजिनाला नाही म्हणता येत नाही, म्हणून ही वही चालते.

आज भाचा आग्नेल इगतपुरीहून आला. म्हणाला, "मावशी, सिस्टर इझाबेलची नजर चाललीय. डॉक्टर म्हणतात, नाताळनंतर काही दिसायचं नाही."

इझाबाय. माझी मोठी बहीण, तिथल्या मठात असते. जेवले नाही.

७ ऑक्टोबर

पेटी उघडली. लाल लुगडं काढलं. लग्नातलं. अजून घडीत बकुळीचा वास आहे.

माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी इझाबाय मठात गेली. तेव्हा सिस्टरांना घरच्या लग्नाला सोडत नसत. निरोप पाठवला होता तिने — "लाल लुगड्यात तुला बघायचं राहिलं गं, कार्मिन." नंतर दोनदाच घरी आली. एकदा आईच्या मातीला, एकदा माझ्या नवऱ्याच्या, थॉमसच्या. दोन्ही वेळा मी काळ्यात.

तर आता जाणार. नाताळच्या आत. तिने मला लालात बघायचंच, बस्स!

शेजारची मार्गारेट म्हणते, "या वयात लाल? आणि नवरा नसताना? लोक काय म्हणतील?" म्हटलं, बाई, लोकांचे डोळे चिकटलेत सध्या. याहून चांगला मुहूर्त कुठला?

१० ऑक्टोबर

ठरलं होतं ते मोडलं. माझा मुलगा मार्सेल आमची जीप चालवणार होता. सकाळी उठला तर डोळे मिरचीसारखे! एवढा बाप्या — "आई, दुखतंय गं, आई, डोळ्यांत वाळू गेलीय गं." त्याला मागच्या खोलीत टाकलाय. ताट दाराशी ठेवतो आम्ही.

साथ संपेपर्यंत थांब म्हणतात सगळे. साथ थांबेल. इझाबायची नजर थांबेल का?

११ ऑक्टोबर

रेजिना म्हणाली, "आई, मी नेते तुम्हाला."

ही? जीप? घाटातून? पण हो, हिचे वडील राजोडीचे आलोशियस, केळी वाहायला त्यांची जीप, आणि ही पोर लग्नाआधी किनाऱ्यावर ती चालवायची — हे मला आज कळतंय! इतकी वर्षं माझ्या घरात मान खाली घालून भाकऱ्या थापल्या आणि पोटात अख्खी जीप लपवली होती.

(लिही गं, लाजू नकोस. खोडलंस तर मार्सेलकडून वाचून घेईन.)

मठाला आग्नेलने फोन केला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, या, पण घरात साथ आहे ना, मग फाटकाबाहेर उभं राहायचं. हातात हात नाही. कबूल.

१४ ऑक्टोबर

काल जाऊन आलो. आज अंग आंबलंय, पण सांगते.

पहाटे निघालो. लुगडं नेसले नाही. आमच्यात चांगलं लुगडं नेसून कोणी प्रवास करत नाही — बसून काष्टा चुरगळतो, निऱ्या मोडतात. जिथं जायचं त्या दाराशी पोचून नेसायचं. म्हणून बोचक्यात घेतलं आणि अंगावर रोजचं तपकिरी.

शिरसाड, वज्रेश्वरी, भिवंडी. भात पिवळं होऊन वाकलेलं. शहापूरच्या पुढं डोंगर सोनकीच्या फुलांनी असे पिवळे, की मला वाटलं मलाही काही झालं डोळ्यांना! हॉटेलवाला काळ्या चष्म्यात, पेट्रोलवाला काळ्या चष्म्यात. आम्ही दोघीही. रेजिनाला म्हटलं, पोलीस आपल्याला दरोडेखोर समजतील. ती हसली, पण नजर रस्त्यावरून हलवली नाही. काय चालवते! ट्रकवाले वाकून बघत होते. एकाने शिट्टी मारली. ही शांत. गिअर टाकला आणि त्याच्या पुढं गेली. मार्सेल असता तर अर्धा तास भांडत बसला असता.

कसाऱ्याचा घाट. निम्म्यात जीपने वाफ सोडली आणि बसली. बरोब्बर वळणावर! खालून ट्रक येणार, त्याला आम्ही दिसणार नाही. रेजिना उतरली, चाकांना दगड लावले. म्हणाली, "आई, काहीतरी लाल हवं. वळणाच्या अलीकडे दाखवायला."

आमच्याकडे लाल एकच होतं.

मागितलं नाही तिने. मीच बोचकं सोडलं. एक टोक तिने धरलं, एक मी. कठड्यापासून रस्त्याच्या पार पलीकडे नऊवार लाल! ट्रक आला, करकचून थांबला — आणि त्याच्या चाकाखाली लुगड्याचा काठ.

ड्रायव्हर उतरला. काशीराम नाव. नायगावच्या खाडीकडचा. "आये, लुगडं आडवं नसतं तं तुमच्यावरच आलो असतो गं! थांबा, पानी हाय माझ्याकडं." त्याने पाणी ओतलं, इंजिन थंड केलं. मग लुगडं उचलून बघितलं. तेल, काळं ग्रीस, आणि हातभर फाटलेलं. म्हणाला, "लगनाचं हाय काय?" म्हटलं, होतं.

रेजिना रडायला लागली. मी म्हटलं, आधी स्टिअरिंग धर, मग रड. तिने खरंच तसंच केलं. रडत घाट चढली, पण चाक सरळ. अशी सून मागून मिळत नाही.

मठाजवळच्या ओढ्यावर लुगडं धुतलं. डाग काय जातात? जीप मठाच्या फाटकासमोर लावली आणि बॉनेटवर ते पसरलं वाळायला. आणि मी तपकिरीतच फाटकाशी.

इझाबायला आतून एक सिस्टर धरून घेऊन आली. अंगणाच्या त्या टोकाला उभी केली. किती लहान झालीय! मी काळा चष्मा काढला. सुकेळ्यांचा पुडा फाटकावर ठेवला.

तीच आधी बोलली. "कार्मिन! लाल लुगड्यात काय दिसतेस गं! अगदी आई!"

माझ्या अंगावर तपकिरी.

म्हणजे गेली. नाताळ कशाला, नजर आत्ताच गेलीय. रेजिनाने माझा दंड घट्ट धरला.

मी म्हटलं, "हो, इझाबाय. तुझ्यासाठीच नेसले."

"वळ बघू जरा."

मी वळले. फाटकाबाहेर, तपकिरी लुगड्यात, नवरीसारखी गोल फिरले. ती टाळ्या वाजवत हसली. मीही हसले. चष्मा परत लावला, काळा चष्मा फार उपयोगाचा असतो.

१६ ऑक्टोबर

रेजिनाचे डोळे आले. आज मार्सेल लिहितोय. त्याचं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे असं रेजिना म्हणते, ते मी त्यालाच लिहायला सांगतेय. आमच्यामुळे इझाबायला साथ लागली तर? रोझरी म्हटली. दोनदा.

२१ ऑक्टोबर

रेजिना बरी. पुन्हा तिचंच अक्षर.

रात्री वाटतं, लुगडं तिने नाही बघितलं. चाळीस वर्षं पेटीत ठेवलं आणि बघितलं कुणी — काशीरामने! पण रेजिना लुगड्याची फाटलेली कड शिवतेय. मी म्हटलं, कशाला आता? म्हणाली, "आई, वळणावर आपण दोघी जिवंत राहिलो ते याच्यामुळे." इतकं नीट शिवतेय, की टाका शोधावा लागतो. माझ्या पोटी मुलगी नव्हती. आता म्हणवत नाही तसं.

३ नोव्हेंबर

मठातली सिस्टर रोझमेरी मुंबईला जाता जाता येऊन गेली. साथ कुणाला लागली नाही. आणि इझाबायचा निरोप —

"एक डोळा अजून शाबूत आहे गं माझा. लाल लुगडं गाडीला नेसवलंस आणि स्वतः तपकिरी नेसून आलीस! पण तुझं तोंड इतकं पडलं होतं, म्हणून म्हटलं लाल. नाताळच्या आत ये. आणि या वेळी तूच नेस."

रेजिना, लिहिणं पुरे. जीपमध्ये पाणी भर.