वल्ह्याला लावलेला कान

रत्नागिरी,
१४ एप्रिल १९८४

प्रिय उमा,

शिमग्याला तू न जेवता एस.टी.त बसलीस, तेव्हापासून तुझी आई माझ्याशी बोलत नाही. निदान मला तसं वाटतं. त्या भांडणाकडे येतोच, पण आधी एक नवल वाच. तुझ्या बापाने मासा धरला!

आपल्या कोळी बाबूच्या होडीचं इंजिन गेल्या पंधरवड्यात दुरुस्त करून दिलं होतं. इतर मिस्त्री इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाशी धरतात. मी रस्त्यावरून आवाज ऐकून दुखणं सांगायचो. त्यावरच तर टपरीचं वर्कशॉप झालं. बाबूचं इंजिनही तसंच लांबून ऐकून पास केलं. गेल्या रविवारी त्याने हट्टाने मला भाट्याच्या खाडीत नेलं, आणि ऐन मध्यावर ते बंद! होडी लागली वाहायला. मी शरमेने अर्धा झालो. तो म्हणतो कसा, मिस्त्री, तोंड कशाला पाडताव? इंजिन गप झालं, आता मासे बोलतील.

त्याने तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीला, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा तुकडा बांधला, खालच्या गळाला जिवंत कोळंबी टोचली आणि दिली सोडून. तुकडा आमच्याबरोबर डुलत चालला. मग वल्हं पाण्यात उभं धरून वरचं टोक माझ्या कानामागच्या हाडाला टेकवलं. अगं, खालून गुर्र, गुर्र! ढोम्यांचा थवा कुरकुरत होता. मासे बोलतात हे मला पन्नाशीत कळलं. ऐकत बसलो तोवर तुकडा बुडाला. वीतभर ढोमा, पण माझा.

तेवढ्यात डोक्यात आलं. बाबूला इंजिनाचं हँडल फिरवायला लावलं आणि स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानामागच्या त्याच हाडाला लावली. खट्, खट्, अगदी स्वच्छ. बाबू हळूच म्हणाला, ही खटखट आठ दिस ऐकतोय, तुमी ठीक म्हनालाव म्हून गप ऱ्हायलो. आठ दिवस माझ्या शब्दावर तो समुद्रात जात होता, उमा.

शिमग्याला तू कान तपासून घ्या म्हणालीस, आणि मी कामगारांदेखत ओरडलो, की चार महिने नर्सिंग शिकून बापाला बहिरा ठरवतेस! चुकलो. आता सांग, कानाला येत नाही ते हाडाला कसं ऐकू येतं? तुझ्या पुस्तकात असेल. पुढच्या आठवड्यातल्या नव्हे, त्यानंतरच्या सोमवारच्या गाडीने मुंबईला येतोय; कानाच्या डॉक्टरांना विचारून ठेव. आणि स्टँडवर मागून हाक मारू नकोस, समोर ये.

तुझाच,
आप्पा