नमुन्याची खाट आणि ब्रिटन

५ जानेवारी २०२६, सोमवार. स. ९.४०
१. जिल्हा परिषदेचे टेंडर निघाले. आरोग्य केंद्रांसाठी लोखंडी खाटा, नग १२०.
२. चिखलीच्या आमच्या वर्कशॉपकडे दुसरे काम नाही.
३. मालक कय्यूमचाचा म्हणाले, ऑर्डर हुकली तर एक तारखेपासून सात कामगार घरी.
४. नमुन्याची खाट उशिरात उशिरा १६ तारखेला दुपारी तीनपर्यंत बुलढाण्याला जमा करायची. तपासणी आणि जबाबदारी माझी.
५. ब्रिटनशी व्यापार करार झाला आहे. त्यांच्या कंपन्यांनाही सरकारी टेंडर खुले. वर्कशॉपमध्ये हे फक्त मला माहीत आहे.

६ जानेवारी
कराराची बातमी पूर्ण वाचली. मूळ करार सवडीने. स्थानिक स्पर्धक एकच: उंद्रीच्या रेणुकाताई. गेट बनवतात. दखल घेण्यासारखे नाही.

९ जानेवारी
कामगारांना धोका समजावला. रंगकाम करणाऱ्या जनकाबाईंनी विचारले, इंग्रज खाटा विकाले इतक्या दूर काऊन येतीन मॅडम? जागतिक व्यापार समजावायला फळा लागतो.

१२ जानेवारी. दु. ४.००
नमुना तयार. चाचा म्हणाले, आजच नेऊन टाक बेटा. मी नकार दिला. ब्रिटिशांसमोर आकडे हवेत. खाटेवर २५० किलो वाळू, ७२ तास. चाचणी सुरू.

१३ जानेवारी. दु. १.१०
जनकाबाई डबा खायला खाटेवर बसल्या. ५४ किलो जादा. चाचणी रद्द, नव्याने सुरू. त्या म्हणाल्या, खाट बसासाठीच असते ना वो. आता १६ तारखेला १.१० वाजता संपेल. पुरेसा वेळ आहे.

१६ जानेवारी
१.१० वाळू उतरवली. नियमाप्रमाणे तासभर थांबून माप घेतले. वाक १.८ मिलिमीटर. उत्कृष्ट. चाचा टेम्पोत हॉर्न वाजवत होते. २.२० निघालो. ३.०८ पोहोचलो.
क्लार्कने खाट उतरवू दिली नाही. ब्रिटिश कंपनीचा नमुना कोणता, मी विचारले. तो म्हणाला, कोणती कंपनी? मॅडम, चहा घ्या. नमुना एकच आला होता, उंद्रीचा. रंग ओला होता. त्याच्या बाहीवर निळा पट्टा.
परतताना चाचांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही.

१७ जानेवारी
मूळ करार वाचला. केंद्राच्या ठराविक खरेदीपुरता. जिल्हा परिषदेला लागू नाही. तसे परिशिष्टात स्पष्ट आहे. परिशिष्ट मी वाचायला शेवटी ठेवले होते.
तरी चाचणी योग्यच होती.

२० जानेवारी
ऑर्डर उंद्रीला. जनकाबाई म्हणाल्या, इंग्रज उंद्रीचे निंगाले म्हणजे. सगळे हसले. मग कोणी हसले नाही.

२१ जानेवारी
रेणुकाताईंना पाठवलेला मजकूर, नोंदीसाठी:
"नमस्कार ताई. १२० खाटांसाठी आपल्याला माणसे लागतील. आमचे सात अनुभवी कामगार एक तारखेपासून मोकळे आहेत. यादी सोबत आहे. जनकाबाई रंगकामात उत्तम. रंग वाळवूनच देतात. तपासणीसाठी कोणी हवे असल्यास आठवे नाव माझे, समता. कृपया शुक्रवार, २३ जानेवारी, दुपारी तीनपर्यंत कळवावे."