कापसात ठेवलेली मटकी

प्रिय अक्का,

आज आबांनी दुसरी भाकरी मागून घेतली. ही बातमी आधी तुम्हालाच सांगायची, म्हणून ओटा आवरून लगेच लिहायला बसले.

तुम्ही गेल्यावर आम्ही त्यांना चाळीसगावकडच्या घरातून इथे शहरात, मेहरूणच्या फ्लॅटमध्ये आणलं. तेव्हापासून चतकोर खाऊन ताट सरकवायचे. ज्या माणसाने जन्मभर तुमच्या प्रत्येक भाजीला नावं ठेवली, तो माझ्या हातचं कसंही मुकाट गिळत होता. मला त्याचीच भीती वाटायची. मग गेल्या आठवड्यात एकदाचे बोलले, "मटकीनी उसळ कर."

मी धुळ्याहून लग्न होऊन आले, तेव्हा थंडीच होती. तुम्ही भिजलेली मटकी जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधली आणि पुढच्या खोलीतल्या कापसाच्या ढिगात खुपसून दिली. मला हसू आवरेना. तुम्ही म्हणालात, "कापूस आपला, मटकी आपली, ऊब फुकटनी शे." सकाळी पोटली सोडली तर फडक्यातून मोड बाहेर आलेले. माहेरी आम्ही चुलीजवळ पोटली टांगायचो, पण असे मोड मी कधी पाहिले नव्हते.

आणि ते वर्ष आठवतं? व्यापाऱ्याची गाडी कापूस भरून निघाली आणि पोटलीही गेली त्यात. तुम्ही पदर खोचून गाडीमागे धावलात. हमालाने हसत हसत पोटली काढून दिली, तर तुम्ही त्यालाच उसळ खायला बसवून घेतलंत. "कापूसना भावमा मटकी ईकी व्हती हिनी," असं आबा पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगत राहिले. तुम्हीही तितकंच हसायचात.

सगळं शिकवलंत अक्का, पण ज्या घरात कापूस नाही तिथे काय करायचं, हे सांगायचं राहूनच गेलं ना? या गारठ्यात मटकीला काही केल्या मोड येईनात. डब्यात ठेवली, पिठाच्या कोठीत ठेवली. फडकं सोडलं की नुसता आंबूस वास. दुसऱ्यांदा फेकताना मला रडूच आलं. इतक्या दिवसांनी त्यांनी काही मागितलं, आणि तेही मला जमेना.

आबा दारात उभे होते. म्हणाले, "पुन्हा भिजाड. मंग मनाकडे दे."

काल पोटली त्यांनी घेतली आणि तुम्ही शिवलेल्या गोधडीत पोटाशी धरून बसले. ज्यांनी कधी पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, ते आबा! जेवायलासुद्धा पोटली घेऊनच आले. आज सकाळी हाक आली, "पोरी, मोड उनात."

गाठ त्यांनीच सोडली. थोडा वेळ मोडांवरून बोट फिरवत राहिले. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापली, उसळीला काळा मसाला घातला. पहिला घास घेऊन म्हणाले, "तिखट कमी शे. ती अशी नही करे."

अक्का, तुमच्या सुनेच्या स्वयंपाकाला इतक्या दिवसांनी कुणीतरी नावं ठेवली. मी तोंड फिरवून डोळे पुसले आणि त्यांनी मागितलेली दुसरी भाकरी वाढली.

तुम्ही मला पोटली बांधायला शिकवलंत, म्हणून आज आबांना द्यायला माझ्याकडे काहीतरी होतं. आता ही थंडी सरेपर्यंत पोटली त्यांच्याच गोधडीत राहील, आणि तिखट मी मुद्दाम थोडं कमीच घालीन.

तुमची,
धुळ्याची सून