तोंडाकडं न्हाई, हाताकडं बघ

मस्कत, १२ फेब्रुवारी १९९९

अब्बांना वकारचा सलाम. मी खुशाल हाय, फिकीर करू नका.

इथं हॉटेलात कॉफी वाढायचं काम हाय. अरबी येत न्हाई. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्यानं रिकामा कप हलवला. मला वाटलं, अजून मागून राहिला. मी भरला. त्यानं पिऊन पुन्हा हलवला, मी पुन्हा भरला. असे पाच कप झाले! शेवटी त्यानं आपल्यासारखा कपावर तळहात ठेवला. तवा कळलं, इथं कप हलवला म्हणजे पुरे. तो काय बोलला ते कळलं न्हाई, बरंच झालं.

भूकंपात तुम्ही किल्लारीला गाडा नेऊन परमुलखाच्या जवानांना चहा पाजला. त्यांची भाषा कुठं येत होती? 'तोंडाकडं न्हाई, हाताकडं बघ,' म्हणायचात. आता तेच करून राहिलो. काल त्या म्हाताऱ्यानं कॉफी वाढायला मलाच बोलावून घेतलं. मॅनेजरनं हिंदीत विचारलं, कुठं शिकलास? म्हणलो, अब्बाच्या गाड्यावर.

अलीझाचा लातूरचा क्लास कसा चाललाय? तिला भावाचा सलाम सांगा. अम्मीचे गुडघे? माझे पाय दुखत न्हाईत, बूट तेवढे घट्ट हायेत.

गाडा विकायचं म्हणत होता. विकू नका अब्बा. माझी शाळा हाय ती.

तुमचा वकार