चीक लागला तेव्हा

अकोला, १२ ऑगस्ट २०२४

ती. ताईस नीलिमाचा सविनय जयभीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून माझा घसा बसतो, म्हणून हे पत्र. काल तुझ्या ओट्यावर ठेवून आले तो कुंडीतला युफोर्बिया सांभाळ. त्याला ऊन भरपूर लागतं, पाणी मात्र माती सुकल्यावरच. तुझा हात फार सढळ, मुळं कुजवशील. फांदी कापताना हातमोजे घाल, त्याचा पांढरा चीक विषारी असतो. कान चांगले होते तेव्हाही तू माझं ऐकलं नाहीस, आता वाचून तरी ऐक.

तुझीच लाडकी लेक,
नीलिमा

अनसिंग, २ सप्टेंबर

चि. नीलिमाले ताईचा जयभीम आन् आशीर्वाद.

घाबरू नको, आता बरी हाये. गेल्या सोमवारी सुकेल फांदी हिरव्या बुडापासून कापली, चीक हाताले लागला. हातमोजे घरातच राह्यले. घाम आला तं त्याच हातानं डोये पुसले. लय आग झाली. पाण्यानं खूप धुतले, तरी घंट्याभरात दोन्ही डोये मिटले ते उघडेचना. कानानं तं आधीच ऐकू येत नाई. बाज धरून बसली. दार कोन्त्या बाजूले, तेही समजे ना. एवढं भेव मले कधीच वाटलं नवतं.

मंग कोणीतरी हात धरला. म्या झटकला. तिनं पुन्हा धरला आन् हातावर बोटानं एक एक अक्षर काढलं: 'मी बेबी.' शेजारची बेबीबाई. तिच्या बकरीनं माही वांग्याची रोपं खाल्ली, तवापासून सहा महिने आमचं बोलणं नवतं. तिनंच मले वाशिमले डोयाच्या डॉक्टरकडे नेलं. चार दिवस पट्टी होती. चारही दिवस ती माह्यापाशीच निजली. भाकर वाढली, औषध टाकलं, की हातावर लिहून सांगे. आता साफ दिसून राह्यलं.

जावईबापूले जयभीम सांगजो. तुह्या जिवाले घोर लावून घेऊ नको.

तुही ताई

अकोला, ६ सप्टेंबर

ती. ताईस सविनय जयभीम.

पत्र ऑफिसात वाचलं आणि पुढं कामात लक्षच लागलं नाही. एकट्या बाईच्या घरी असलं झाड ठेवून आले, चूक माझीच. पुढच्या शनिवारी येते. झाड फेकू आणि तुझी पिशवीही भरू. आता तू तिथं एकटी राहायची नाहीस. इथं मागची खोली रिकामीच आहे. या वेळी नाही म्हणू नकोस. बेबीबाईंना माझा जयभीम सांग, त्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही.

तुझ्या मायेची,
नीलिमा

अनसिंग, ९ सप्टेंबर

चि. नीलिमाले जयभीम.

झाड फेकाचं नाई. चूक माही होती, त्याची नाई. ओट्यावरून काढून उंच भिंतीवर ठेवलं, तिथं बकरी पोचत नाई. गुलाबी फुलं आले हायेत. बेबीबाईनं फांदी मांगतली, तं हातमोजे घालून कापून देली.

तुह्या घरी येणं मले जड नाई, पोरी. पण तुमी दोघं सकाळी नोकरीले जाता ते दिवे लागल्यावर येता. तवरोक तिथं माहं कोण हाये? इथं मी दोन घंटे ओट्यावर दिसली नाई, तं बेबीबाई पाहाले येते. त्या दिवशी तशीच आली होती.

शनिवारी ये. दोन दिवस राय, पोटभर जेव. पण जातानी एकटीच जाजो.

राग धरू नको, माया हाये तशीच असू दे.

तुही ताई,
पंचफुला