रस्ता काही सासरचा नाही

सौ. अक्का,

सौ. लिहिलं आणि हात थांबला. पण तू सवाष्ण गेलीस, तेव्हा तसं लिहायला हरकत नाही, असं तुझ्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या. त्यांना त्यातही समाधान वाटतंय. मला काही वाटत नाही. मी नुसता दमलोय.

आज लिहायला बसलो, कारण बेळगावहून नोकरी चालून आलीय. एका कारखान्याच्या दवाखान्यात ड्रेसर, जखमा धुऊन बांधायच्या. पगार पंचावन्न रुपये. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. इथं अँब्युलन्सवर सत्तर मिळतात. म्हणजे दोन वर्षांपूर्वी जे गणित मांडून मी बंगळूरला आलो, तेच आता उलट्या बाजूनं सोडवायचं. आणि आपल्या घरात गणितात हुशार तू! मी कुणाला विचारू?

तेव्हा तूच कळवलं होतंस ना, "इकडं ये, सत्तर देतात, वर गणवेश" म्हणून? मी प्रथमोपचाराची परीक्षा नुकताच पास झालेला. सत्तर म्हणजे मला कुबेराचं धन वाटलं. त्यातून खोलीचं भाडं, खानावळ, बस आणि धोबी वजा करायचा असतो, हे आगगाडीतून उतरल्यावर कळलं. गणवेश देतात हे खरं, पण पांढरा! आज कुणाचं डोकं फुटलेलं, उद्या कुणी अंगावर ओकलेला, आणि परवा सकाळी पुन्हा पांढराशुभ्रच हवा. धोबी माझ्या पगारातला भागीदारच होता म्हण ना.

तू म्हणाली होतीस, "खोली कशाला घेतोस? आमच्याकडंच राहा की." दाजी तर लगेच म्हणाले, "सरी, सरी, बरंच झालं, उद्याच ट्रंक घेऊन ये." तुझ्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरची. निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलणारी, मनानं मोकळी. पण आपल्या अप्पांना कोण समजावणार?

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न तोंडात घालायचं नाही, हा अप्पांचा नेम. आपल्याकडं बरेचजण पाळतात, पण अप्पांनी तो जसा पाळला तसा देवानंही सांगितला नसेल. मला निघताना म्हणाले, "भाऊबीजेला जेव. तो तुझा मान आहे. पण रोज जेवायला बसलास तर लोक म्हणतील, शिंप्यानं पोरगी दिली आणि मागोमाग पोरगाही पोसायला धाडला." मी शिवाजीनगरात खोली घेतली. तिघांत एक.

अप्पा तुला भेटायला आले तो दिवस तू विसरली असलीस तर बरं. मी त्यांना स्टेशनवरून घेऊन आलो. हातात तांब्या, त्यात स्टेशनवरचं पाणी. फडक्यात घरून आणलेली दशमी. तुझ्या सोप्यावर बसून त्यांनी ती खाल्ली आणि स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायले. तू आत पुरण घातलं होतंस. त्याचा वास अख्ख्या घरात भरला होता!

तू दारात उभी राहून म्हणालीस, "अप्पा, निदान पाणी तरी घ्या. पाण्याला काय होतंय?"

"पोरी, नेम आहे."

"नेम मोठा का मी?"

अप्पांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तांब्याचं झाकण लावलं. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला होता. अजून गेलेला नाही.

मग पुढच्याच आठवड्यात तू शिवाजीनगरच्या बसथांब्यावर हजर! हातात भाजीची पिशवी आणि पिशवीत पितळी डबा. मी कामाची पाळी संपवून येत होतो. एका लठ्ठ शेटजींना तीन मजले उतरवून आणलं होतं, खांदे भरून आले होते. तू म्हणालीस, "बस इथं कट्ट्यावर. गरम आहे तोवर खा."

"अक्का, अप्पांनी..."

"अप्पांनी घरात जेवू नको म्हटलंय. हे घर आहे का? रस्ता काही माझ्या सासरचा नाही!"

काय हसलो होतो आपण. बसमधली माणसं वळून बघत होती. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी तुला भाजी शिवाजीनगरलाच स्वस्त मिळायला लागली. तुमच्या चिक्कपेठेपासून बसला पैसे घालून स्वस्त भाजी! दाजींना सगळं ठाऊक होतं. त्यांनी एकदाही विचारलं नाही.

डबा रिकामा परत करायचा नाही, हे आईनं शिकवलेलं. मी कधी मूठभर शेंगदाणे घालायचो, कधी एखादं लिंबू. एकदा महिनाअखेरीला खिशात काहीच नव्हतं. खानावळीतून चिमूटभर साखर कागदात बांधून आणली. तू ती तिथंच तोंडात टाकलीस आणि म्हणालीस, "गोड आहे की." मला रडू आलं होतं. मी पाणी प्यायला नळावर गेलो, तो त्यासाठी.

मग त्या शुक्रवारी तू डबा उघडलास, तर त्यात शिरा. मी विचारलं, "काय विशेष?" तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणालीस, "आता अप्पा जेवतील बघ माझ्या घरी." एवढ्या वर्षांनी तुला दिवस गेले होते, आणि तुझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे! बाळाचं नाव नाही, अंगडं-टोपडं नाही. अप्पांना पहिल्या दिवशी काय वाढायचं, हे मात्र तू ठरवून टाकलं होतंस. पुरणच.

अक्का, एक विचारू? रागावू नकोस. पायांवर सूज यायला लागली, डोकं ठणकायला लागलं, तेव्हा मला का सांगितलं नाहीस? पाय लुगड्याखाली झाकून बसायचीस. मी विचारलं की म्हणायचीस, "बसमध्ये उभं राहिले ना, म्हणून." दिवसभर परक्यांच्या नाड्या धरणारा भाऊ तुझ्यासमोर भाकरी मोडत होता. त्याच्यासमोर एकदा हात पुढं करायचा होतास! मला त्रास नको, म्हणून? मग आता काय झालं?

त्या दुपारी फोन आला आणि ड्रायव्हरनं पत्ता वाचला. तुझी गल्ली. तुला उचलणारा मीच होतो. झटके येत होते, थांबत होते, पुन्हा येत होते. मी तुझ्या दातांमध्ये फडक्याची घडी धरली, मान कुशीवर केली. परीक्षेत जे लिहिलं होतं ते सगळं केलं. मधे एकदा तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "डबा चुलीपाशीच राहिला रे."

पुढचं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दाजींनी तो डबा माझ्या हातात ठेवला. मी तो कट्ट्यावर नेऊन उघडला. भाकरी आणि वांग्याची भाजी. भाजी आंबली होती. मी सगळी खाल्ली.

तेराव्याला अप्पा आले. पानं मांडली तेव्हा मला वाटलं, आता हे तांब्या काढतील. मूल तर झालं नव्हतं, नेम अजून होताच. दाजी म्हणाले, "मामा, बसा." आणि अप्पा बसले, अक्का. तुझ्या घरात, पाटावर बसून जेवले. शेजारणींनी पुरण केलं होतं. अप्पा मान वर न करता खात होते. वाढणारी पुढं गेली तर तिला म्हणाले, "आणखी वाढा." घरी ते कधी दुसऱ्यांदा मागत नाहीत. डोळ्यांतलं पाणी पानात पडत होतं आणि ते खात होते. मला ओरडावंसं वाटत होतं, की आता कुणासाठी खाताय? पण त्यांचा घास कोरडाच चालला होता, मीच उठून त्यांच्या पानावर तूप वाढलं.

स्टेशनवर गाडीत चढताना म्हणाले, "दत्तू, जावईबापूंकडं जेवत जा. मी काही म्हणणार नाही." एवढंच. आणि आता त्यांनीच खटपट करून ही बेळगावची नोकरी बघितलीय. एकटे पडलेत, दुसरं काय!

तर गणित असं आहे. बेळगावला पंधरा रुपये कमी, पण भाडं नाही, खानावळ नाही, घर आपलं. इथं पंधरा जास्त आणि ते महिना संपायच्या आत धोब्याच्या आणि खानावळीच्या घशात. कितीदा मांडलं तरी इथं उणंच पडतं. मग दोन वर्षं भागत कसं होतं? काल कळलं. तुझा डबा मी कधी खर्चात धरलाच नव्हता, आणि जमेतही नाही. कुणीही शहाणा माणूस सोमवारी "येतो" म्हणून कळवील.

मीही तसंच कळवणार होतो. पण काल शुक्रवार. सवयीनं थांब्याकडून आलो, तर तुझ्या जागी दाजी बसलेले. हातात पिशवी नाही, काही नाही.

मी म्हटलं, "दाजी, तुम्ही इथं?"

"शुक्रवार ना? म्हटलं, तू असशील."

"जेवलात?"

"स्वल्प खाल्लं." म्हणजे काही नाही. पुढं म्हणाले, "मला एकट्यापुरतं भाताचं माप कळेना रे. रोज उरतो. तुला ये म्हणायचं होतं, पण तू गावाला चाललास म्हणून ऐकलं. सरी, चांगलंच आहे."

मग बस आली, ते गेले.

अक्का, अप्पांना मी कळवतोय, की इथंच राहतो. त्यांनाही म्हणतोय, थोडे दिवस इकडं या, आता तुमच्या नेमाचं ओझं उरलेलं नाही. येतील का, ते ठाऊक नाही. तुला मात्र एक वचन देतो. रविवारी तुझा डबा घेऊन येतोय, रिकामा नाही. तांदूळ भरून आणतोय, दोघांच्या मापाचे. आणि या खेपेला कट्ट्यावर नाही. तुझ्या घरात, तुझ्या चुलीपाशी पाट मांडून जेवीन, आणि भात दुसऱ्यांदा मागून घेईन.

तुझा,
दत्तू